जांभळाच्या वाईनचा वाढदिवस

आमच्या जांभळाच्या वाईनला तीन वर्षं पूर्ण होणार होती. त्या निमित्तानं काहीतरी मोठं करायचं ठरलं, तेव्हा सगळ्या जणी आनंदल्या आणि मला मात्र पहिल्यांदा आठवली ती माझी माय. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. माझ्या हातचं ती जेवते, मला ताप आला तर उशाशी बसून राहते. पण त्या तीन वर्षांत तिनं आमच्या गिरणीत एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं.

गिरणी म्हणजे जुनी राइस मिल. वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या कडेला आमचं गाव आहे; पूल ओलांडला की गडचिरोली. मिल बंद पडल्यावर आत वटवाघळं आणि मागं भुशाचा ढीग एवढंच उरलं होतं. आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या आम्ही बायांनी मिळून ती जागा घेतली, धुतली, परवाना काढला आणि तिथं जांभळाची वाईन करायला लागलो. आमच्याकडे जांभळं कुणी लावत नाही. नाल्याच्या काठानं, तलावाच्या पाळीवर, धानाच्या बांधावर ती आपली असतातच. मृगात झाडाखाली जांभळा चिखल व्हायचा, पोरंटोरं खायची, पाखरं खायची, उरलेलं सडून जायचं.

हे डोक्यात आलं ते नाशिकला. नागपूरला शिकून मी तिकडच्या एका द्राक्षांच्या वायनरीत नोकरीला लागले होते, आणि बरीच वर्षं तिथंच राहिले. रविवारी मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरून यायची. बागेत फिरायची, पिठलं-भाकरी खायची, वाईन चाखायची, शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहायची. मला वाटायचं, आमच्या ताडोब्यालाही माणसं येतात, पण वाघ पाहतात आणि गेटवरूनच मागं फिरतात. आमचे तलाव, आमचा भात, आमची जांभळं कुणी पाहतच नाही. पुढं वडील गेले, माय एकटी पडली, आणि मी ते सगळं सोडून गावी परत आले.

मायची बाजू समजायला थोडं मागं जावं लागेल. आमच्या घरात दारू कधी नव्हती. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून नशा न करण्याचं पाचवं शील आमच्याकडे नुसतं म्हटलं जात नव्हतं, पाळलं जात होतं. पण शेजारच्या घरात ती होती. शेजारचे काका पिऊन आले की काकू आपल्या दोन्ही लेकरांना घेऊन मागच्या दारानं आमच्याकडे यायच्या. माझ्या लहानपणी आमच्या घरात कायम दोन जास्तीची अंथरुणं घडी करून ठेवलेली असायची. त्या अंथरुणांपायीच माय दारूबंदीच्या चळवळीत गेली. आधी दुकानापुढं जाऊन उभी राहायची, मग गावोगाव फिरायला लागली, मग नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायी गेल्या त्यातही ती होती. परत आली तेव्हा तिचे पाय सुजून ढोलासारखे झाले होते आणि चेहरा मात्र असा, की जणू लग्नाहून आली आहे. पुढं जिल्ह्यात बंदी आली. काही वर्षांनी उठलीही. बंदी उठल्याची बातमी आली त्या दिवशी माय ओट्यावर बसून राहिली आणि जेवली नाही.

आणि त्यानंतर वर्षभरातच मी घरात वाईनचा विषय काढला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. फळांची असते, जेवताना घोटभर घ्यायची असते, मोहाच्या हातभट्टीशी तिचा काही संबंध नाही, हे मी नाशिकला पाहुण्यांना सांगायचे तसं तिलाही सांगितलं.

"नासवून पाजतेस ना?" ती म्हणाली. "मंग नाव काहीबी ठेव. लोकायच्या पोरी दारू बंद कराले भांडल्या. माही पोरगी सुरू कराले आली."

त्यानंतर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती शेतात जाताना गिरणीसमोरचा रस्ता टाळून तलावाकडून वळसा घेऊन जायची. हंगामात माझ्या कपड्यांना जांभळाचा आंबूस वास यायचा, तर माझे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजत घालायची. धुवायची मात्र स्वतःच.

शेजारच्या काकू या सगळ्यात माझ्या बाजूला आल्या. काका कधीच वारले होते, लेकरं मोठी होऊन कामाला लागली होती. जांभळाची पहिली टोपली गिरणीत आणून ओतली ती काकूंनीच. मायनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. काकू मात्र रोजच्यासारख्या संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसायच्या आणि एकट्याच बोलायच्या. शेवटी एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "बाई, तवा दारूपायी मी मार खाल्ला. आता तिथी मी मालकीन आहो. माह्या सहीबिगर टाकीची तोटी खुलत नाई. इतकं तं समजून घ्या." माय आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली.

तर अशा घरात मी राहत होते आणि गिरणीचा वाढदिवस तोंडावर आला होता.

कार्यक्रमाची कल्पना पर्यटन खात्याच्या एका साहेबांची. चंद्रपूरला नव्यानंच आलेले, वयानं माझ्याहून लहान, आणि प्रत्येक गोष्टीनं हुरळून जाणारे. त्यांनी आमच्या गावांच्या रस्त्यांवर "जांभूळ पट्टा" असे फलक लावायचं ठरवलं. मार्चमध्ये मोहफूल गळायला लागतं, ताडोब्याला गर्दी असते, तेव्हाच वाढदिवस करू, म्हणाले. सकाळी पाहुण्यांनी बायांबरोबर मोहफुलं वेचायची, दुपारी गावात घरोघरी जेवण, मग गिरणी पाहायची, वाईन चाखायची, आणि दिवस मावळायच्या आत एटापल्लीकडून येणाऱ्या गोंड मंडळाचा रेला नाच. नागपूरच्या लोकांनी नावं नोंदवायला सुरुवातही केली.

मूल गावचे वेल्डिंगवाले मिस्त्री येऊन टाक्या घासून चकचकीत करून गेले. आमच्या सगळ्या टाक्या त्यांनीच बनवलेल्या. पहिल्या दिवशी मी जरा चाचरतच त्यांना विचारलं होतं, की चाचा, हे वाईनचं काम आहे, तुम्हाला चालेल ना? ते हसून म्हणाले होते, "बेटा, मी पीत नाई, पाजत नाई. पण टाकी बनवीन तं थेंब नाई गळनार." आता म्हणाले, "सालगिरह आहे तं बिर्याणी मी आनतो."

सगळं असं जुळत असताना काकू मला गिरणीच्या मागं घेऊन गेल्या.

"तुह्या मायनं विहारात बाया जमवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या दिवशी मोर्चा आनून राह्यल्या गिरणीवर."

मोर्चा कशासाठी ते मला विचारावं लागलं नाही. थंडीच्या दिवसांत शहरातली चार-पाच माणसं गाडी घेऊन आली होती. आमच्याकडे गिरणी पाहिली, चाखायला दिली तेवढी चाखली, आणि जाताना तलावाच्या पाळीवर जाऊन स्वतः आणलेल्या बाटल्या उघडून बसली. गाणी लावली, धुणं धुणाऱ्या पोरींवर काहीबाही बोलली, आणि बाटल्या घाटाच्या दगडांवर फोडून गेली. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलेल्या एका बाईचा तळपाय चिरला. मूलच्या दवाखान्यात टाके पडले. माय आणि तिच्या जुन्या सोबतिणी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हातांनी काचा वेचत होत्या, ते मी लांबून पाहिलं होतं. बाटल्या आमच्या नव्हत्या हे मी सगळ्यांना सांगत फिरले होते. पण ती माणसं आमच्याकडे आली होती म्हणूनच गावात आली होती, हेही खरंच होतं.

मी घरी गेले. माय सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती.

"तू माझ्या कार्यक्रमावर मोर्चा आणणार?" मी विचारलं.

"तुह्यावर नाई. गिरणीवर."

"गिरणी म्हणजे मीच ना, माय."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग तूच सांग. तो फलक पाहून अजून गाड्या येतीन. सारेच तुह्यासारखे घोटभर पिऊन चूप जानारे राहतीन का? तुमी दरवाजा उघडला. आत काय करता ते तुमी पाहता. बाहीर कोन पाहते?"

नाशिकला बाहेरचं पाहायला पहारेकरी होते, मोठी फाटकं होती. आमच्याकडे गिरणी गावातच होती आणि बाहेर म्हणजे लोकांची अंगणं. मला रागही आला होता. इतकी वर्षं आम्ही राबतो, इतक्या बायांच्या घरात यामुळं दोन सुखाचे घास आले, ते हिला दिसत नाही का, असं वाटत होतं. मी तसं बोललेही, आणि आवाज चढवून बोलले. ती म्हणाली, "दिसते. म्हनूनच तीन वर्सं चूप बसली." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी गिरणीत बाटल्यांवर कागद चिकटवता चिकटवता काकू एकदम म्हणाल्या, "त्यायले बाहीर काऊन ठेवता तुमी? त्यायले दारातच बसवा. मोर्चा घेऊन दाराशीच येनार ना? मंग खुर्च्या टाकून द्या."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मला ते पटलं होतं.

त्या संध्याकाळी मी विहाराच्या अंगणात गेले. मायसोबत आठ-दहा जणी बसल्या होत्या, बहुतेक सगळ्या साठीच्या पुढच्या. मी उभी राहूनच बोलले. म्हटलं, मोर्चा आणू नका, पहारा करायला या. आत कोण जाणार, कोण नाही, हे तुम्ही ठरवा. प्यालेला माणूस दिसला तर परत पाठवा. तुमच्या शब्दापुढं मी जाणार नाही.

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक जण म्हणाली, "म्हंजे आमी दारूच्या दुकानाचे चौकीदार?" दुसरी म्हणाली, बसलो तर लोक म्हणतील या बाया विकल्या गेल्या. बराच वेळ उलटसुलट बोलणं चाललं. माय ऐकत होती. शेवटी ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आमी येऊ. पन पाव्हन्या म्हनून नाई. तुमची वाईन चांगली आहे असं आमच्या तोंडून कोनी वदवून घेनार नाई. तलावाकडं कोनी बाटली घेऊन जानार नाई. आन् आमी नाई म्हटलं तं मंत्री असो का संत्री, त्याले आत घ्याचं नाई."

"कबूल," मी म्हणाले.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, दारात दारूबंदीवाल्या आजी बसल्या तर पर्यटक पळून जातील हो. आणि वरच्यांना काय सांगू?" त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांच्या जागी मी असते तर मलाही घाम फुटला असता. मी म्हटलं, "सर, एक दिवस पाहू. नाही जमलं तर माझ्यावर ढकला." ते तयार झाले, पण मनापासून नव्हे.

कार्यक्रमाच्या दिवशी उजाडता उजाडता पाहुणे मोहाखाली पोचले. रात्रभर गळलेली फुलं झाडाखाली पिवळट मण्यांसारखी पसरलेली होती आणि सगळीकडे तो गोडसर, जड वास. नागपूरची माणसं आधी कपड्यांना जपत वाकत होती, नंतर सरळ मांडी घालून बसली. कुणी फूल तोंडात टाकून पाहिलं, कुणी विचारलं की याची दारूच होते ना? काकू त्यांना मोहफुलांचे लाडू देत म्हणाल्या, "आधी हे खा, मंग बोला."

दुपारी घरोघरी पंगती बसल्या. लाखोळीच्या डाळीचे वडे, तलावातले झिंगे, जवसाची चटणी, नवा तांदूळ. मिस्त्रींची बिर्याणी शाळेच्या पटांगणात उतरली आणि पाहता पाहता संपली. फक्त नाचाचं मंडळ पोचलं नव्हतं. सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागलीय, रस्ता अडलाय, असा त्यांचा फोन आला होता.

जेवणानंतर गिरणीचं दार उघडलं. दाराच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर बाया बसल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून. मोर्च्यालाही त्या तशाच जायच्या. माय मधे उभी होती. तिला बसा म्हटलं तरी ती बसली नाही. येणारा प्रत्येक जण जरा थबकायचा, काहींना वाटायचं पाया पडायचं आहे, तर ते वाकायचे. माय दचकून मागं व्हायची. मला ते पाहून हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

दुपार कलली आणि एक मोठी गाडी धूळ उडवत आली. ड्रायव्हर धरून चौघे उतरले. तिघांच्या चालण्यावरूनच कळत होतं, प्यालेले आहेत. पुढचा माणूस चांगल्या कपड्यांतला, चष्मा लावलेला, फलक पाहून आलो म्हणाला. माय दारात आडवी झाली.

"भाऊ, तुमी पेलेले आहा. आत जाता येत नाई."

"आजी, आम्ही कस्टमर आहोत. बाजूला व्हा."

"कस्टमर आहा तं उद्या या. नाई पेता या."

"ओ, इथं वाईनच विकतात ना? का मंदिर आहे?" त्याच्या मागचे हसले. मग तो आत वळून ओरडला, "कोण आहे इथला मालक?"

सगळे पाहायला लागले. साहेब लगबगीनं पुढं आले, त्या माणसाशी हळू आवाजात बोलले आणि माझ्याकडे येऊन कुजबुजले, "मॅडम, हे नागपूरचे मोठे ट्रॅव्हलवाले आहेत. यांच्या बसगाड्या चालतात. दहा मिनिटं आत येऊ द्या, नुसतं दाखवू आणि पाठवू."

मला आजही तो क्षण नीट आठवतो. ट्रॅव्हलवाला माणूस म्हणजे वर्षभराचे पाहुणे. आमच्या गिरणीला नेमकं तेच हवं होतं. मी मायकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोर पाहत उभी होती, आणि तिच्या शेजारी खुर्चीतल्या बाया एकेक करून उठून उभ्या राहत होत्या. काकूही आतून आल्या, वाईनच्या डागांनी भरलेलं ॲप्रन तसंच, आणि मायच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

मी पुढं जाऊन त्या माणसाला म्हटलं, "मालक आम्ही सगळ्या आहोत. आज तुम्हाला वाईन मिळणार नाही. जेवण मिळेल."

तो शिवी हासडणार होता बहुतेक, पण इतक्या बाया पाहून त्यानं ती गिळली. तेवढ्यात माय त्याच्या ड्रायव्हरकडे वळली. तो बिचारा प्यायलेला नव्हता, गाडीला टेकून उभा होता. "बापू, तू जेवला का?" तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. "मंग ये. तुमीबी या सारे. उनाचे आले. सावलीत बसा, ताक प्या."

काय झालं माहीत नाही. ड्रायव्हर दारापुढच्या मांडवात जाऊन बसला, त्याच्यामागं दोघं गेले, आणि थोड्या वेळानं चष्मेवालाही गेला. बायांनी त्यांना वडे दिले, ताक दिलं. ते खाऊन त्यातला एक जण तिथंच सतरंजीवर घोरायला लागला. चष्मेवाला तासाभरानं उठला, त्याला उठवलं, कुणाशी न बोलता गाडीत बसला, आणि गाडी गेली. साहेब डोक्याला हात लावून बसले होते.

तेव्हाच दोघी बहिणी माझ्याजवळ आल्या. नागपूरहून स्वतः गाडी चालवत आलेल्या, बँकेत नोकरीला असाव्यात. थोरली म्हणाली, "ताई, खरं सांगू का? आम्ही सकाळी फक्त फुलं वेचायला आलो होतो. वाईन वगैरे म्हटल्यावर दुपारी इथं थांबायचं नाही असं ठरवलं होतं. कोण कसली माणसं येतील, सांगता येत नाही ना. पण दारात या बाया पाहिल्या आणि वाटलं, इथं बसता येईल." मग धाकटीनं विचारलं, "रात्री राहायला कुणाच्या घरी जागा मिळेल का?"

साहेबांनी मान वर केली. त्यांनी ते ऐकलं होतं.

थोड्या वेळानं पाहुण्यांची गर्दी ओसरली आणि मला आत, टाक्यांच्या रांगेत, माय उभी दिसली. काकू तिला एकेक दाखवत होत्या. इथं जांभळं धुतो, इथं गर काढतो, इथं मुरतं. माय हात मागं बांधून पाहत होती. एका टाकीजवळ थांबून तिनं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "गिरनी साफ ठेवली आहे." एवढंच. काकूंनी पेला भरून आणला तो रसाचा होता, मुरवण्याच्या आधीचा, आम्ही हंगामात गोठवून ठेवलेला. "हे जांभळाचं पानी आहे नुसतं, बाई. शपथ." मायनं एक घोट घेतला. "लयच तुरट आहे व. मीठ-जिरं टाकत जा थोडंसं."

दिवस मावळायला आला तेव्हा नाचाचं मंडळ एकदाचं पोचलं. ट्रकांमागं अडकून धुळीनं लाल झालेले, तरी पोचल्या पोचल्या त्यांनी हात धरून फेर धरला. पाहुण्यांनाही ओढलं. त्या मंडळातल्या एका बाईनं जाताना मला विचारलं की घरच्यांना दाखवायला एक बाटली नेता येईल का. मला नाही म्हणावं लागलं, कारण पुलापलीकडे, गडचिरोलीत, अजून बंदी आहे आणि नाक्यावर गाडी तपासतात. ती ओशाळली. माय शेजारीच होती. ती म्हणाली, "त्यायले ते रसाचं द्या ना. ते तं बंद नाई."

आमच्याकडे रस बाटलीत भरायची सोयच नव्हती. काकूंनी पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत भरून दिला.

त्या दोघी बहिणी त्या रात्री आमच्याच घरी राहिल्या. मायनं त्यांना दारातच सांगितलं, की बॅगेत बाटली असेल तर ओट्यावर ठेवा, घरात नाही. एकीनं खरंच विकत घेतलेली बाटली काढून ओट्यावर ठेवली. मग माय त्यांच्याशी गप्पा मारत बसली. पायी मोर्च्यात कुठल्या गावानं भात घातला, कुठं पोलिसांनी अडवलं, कुठं एका बाईनं आपल्या चपला काढून दिल्या, हे सगळं मी लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं. सलग मीही पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. ट्रॅव्हलवाल्याच्या बसगाड्या काही आल्या नाहीत. मायच्या सोबतिणींपैकी दोघी परत कधीच दारात बसायला आल्या नाहीत. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मी त्यांना पटवायला गेले नाही. पण पाहुण्यांच्या दिवशी दारात दोन बायांनी बसायचं हे ठरूनच गेलं. साहेबांनी आपल्या पत्रकात तसं छापलं: गावातल्या महिला स्वागताला असतात, मद्यपान करून येणाऱ्यांना प्रवेश नाही. ते वाचून बायकांचे गट यायला लागले. मुलाबाळांची कुटुंबं यायला लागली. तलावाच्या पाळीवर आता कुणी बसलं तर पाखरं पाहत बसतं. पुढच्या मृगात आम्ही रसाच्याही बाटल्या भरल्या, मीठ-जिरं घातलेल्या, आणि त्या पुलापलीकडे जायला लागल्या. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याहून एक दुकानदार येतो, तेलुगू मिसळलेल्या मराठीत भाव करतो आणि पेट्या घेऊन जातो.

या हिवाळ्यात कोरपन्याकडच्या एका बचत गटाचा निरोप आला. त्यांच्या गावाजवळ फळांच्या वाईनचं असंच काहीतरी करायचं घाटत होतं. सिमेंटच्या कारखान्यांमुळं तिकडं बाहेरची माणसं पुष्कळ, आणि बायांना धाकधूक होती. त्यांनी मला नाही, मायला बोलावलं होतं. "तुमची पोरगी आली तं चांगलंच," असं वर म्हणाल्या.

माय, काकू आणि मी एसटीनं गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस वेचणं चाललं होतं. समाजमंदिरात पन्नासेक बाया जमल्या होत्या. काकूंनी टाक्यांचं सांगितलं, मी परवान्याचं सांगितलं. मग एका तरुण बाईनं उठून मायला सरळच विचारलं, "आजी, तुमी इतकी वर्सं दारूच्या विरोधात भांडल्या. आता वाईनच्या गिरनीवर बसता. मंग तुमी कोन्या बाजूनं आहा?"

माय उठली, पदर सारखा केला.

"मी पेत नाई," ती म्हणाली. "मले आजबी पटत नाई. माह्या पोरीले इचारा, घरात आमचं रोज भांडन होते. पन आमच्या वक्ती दुकान मरदाचं होतं आन् आमी रस्त्यावर होतो. तुमी करा का नोका करू, ते तुमचं तुमी ठरवा. पन करसान तं चाबी आपल्यापाशी ठेवा. कोनाले आत घ्याचं, कोनाले नाई, हे तुमी सांगा. आन् ते जमत नसन तं नोका करू."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाया आपसात बोलायला लागल्या, एकदम सगळ्या, मोठमोठ्यानं. प्रश्न विचारणारी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. त्यांच्या शिवारात जांभळं कमी आहेत, बोरं आणि सीताफळं भरपूर आहेत, त्याचं होतं का, असं विचारत होती. मी म्हटलं, करून पाहावं लागेल. मायनं तोवर कुणाच्या तरी हातातून नातू घेतला होता आणि त्याला घेऊन ती दारात उभी होती, परतीची बस चुकेल म्हणून आम्हाला खुणा करत.